सहा टक्क्यांचा प्रश्न

शंभरपैकी चौऱ्याण्णव मिळवूनही साफ नापास व्हायचं असेल, तर खग्रास सूर्यग्रहणाच्या परीक्षेला बसावं. इथे नव्व्याण्णवलाही ग्रेस मार्क नाहीत. सूर्याची एक टक्का कड जरी उघडी राहिली, तरी तिचा उजेड पौर्णिमेच्या काही हजार चंद्रांएवढा पडतो. मग ना अंधार होतो, ना भरदुपारी ग्रह दिसतात, ना सूर्याभोवतीचं ते रुपेरी प्रभामंडळ. बघणारा म्हणतो, "जरा मळभ आलंय वाटतं," आणि पुन्हा कामाला लागतो. हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण ८ एप्रिल २०२४ च्या आधी कित्येक दिवस नवरा रोज रात्री फोनवर ह्यूस्टनच्या भाऊजींना हेच समजावत होता आणि मी पलीकडे पोळ्या लाटत होते.

झालं होतं असं, की त्या सोमवारी चंद्राची सावली मेक्सिकोतून टेक्सासात शिरणार होती आणि डॅलसवरून, नायगाऱ्यावरून, मेन राज्यावरून कॅनडाकडे निघून जाणार होती. पट्टा जेमतेम दोनशे किलोमीटर रुंद. आमचं डॅलसजवळच्या प्लेनोतलं घर पट्ट्याच्या आत, भाऊजींचं ह्यूस्टन पट्ट्याच्या बाहेर.

"आमच्याकडेही चौऱ्याण्णव टक्के आहे, वहिनी," भाऊजी म्हणाले. "उरलेल्या सहा टक्क्यांसाठी चार तास गाडी कोण हाणणार?"

याच भाऊजींनी मुलाला गणितात चौऱ्याण्णव मिळाले तेव्हा "उरलेले सहा कुठे सांडलेस?" असं विचारून घर डोक्यावर घेतलं होतं.

एरवी आमच्याकडे कुणी येत नाही. अमेरिकेत आलेले पाहुणे न्यूयॉर्क बघतात, नायगारा बघतात, कॅलिफोर्नियाला जाऊन येतात. "डॅलसला बघण्यासारखं काय आहे?" असं ते आम्हालाच विचारतात आणि आम्हालाही चटकन काही सुचत नाही. या वेळी नायगारा स्वतः पट्ट्यात असूनही लोक आमच्याकडे वळले. एप्रिलमध्ये उत्तरेकडे ढगांचा भरवसा नाही, टेक्सासात आभाळ मोकळं मिळण्याची शक्यता जास्त, असं जुन्या नोंदी सांगत होत्या. त्यातून हॉटेलांचे दर बघून माणसाला आपोआप नातेवाईक आठवतात. चुलत, मावस आणि "तुमच्या बहिणीच्या शेजारी राहायचो" अशी सगळी नाती एकदम जागी झाली. घरातल्या होत्या नव्हत्या त्या हवेच्या गाद्या फुगल्या.

गाद्यांबरोबर मीही फुगले. "आमच्याकडे टोटॅलिटी आहे," हे वाक्य मी अशा थाटात म्हणायला लागले, की ऐकणाऱ्याला वाटावं, चंद्राला डावीकडे जरासं मीच सरकवलंय. किराणा दुकानात, लेकीच्या शाळेच्या फाटकाशी, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, कुठेही. पट्ट्याच्या मध्यरेषेपासून जितकं लांब, तितकी टोटॅलिटी, म्हणजे खग्रास अवस्था, आखूड. आमच्याकडे ती साडेतीन मिनिटांच्या आसपास होती, शेजारच्या फ्रिस्कोला आमच्याहून कमी. फ्रिस्कोच्या मैत्रिणीबद्दल मला मनापासून वाईट वाटलं आणि ते मी तिला भेटेल तेव्हा सांगत राहिले. मग मंडळाच्या एका कार्यक्रमात दक्षिणेकडच्या एनिस गावाजवळ राहणाऱ्या बाई भेटल्या. "आमच्याकडे चार मिनिटं वीस सेकंद," त्या सहज म्हणाल्या, आणि बटाटेवड्याला चव नाही, हे माझ्या एकदम लक्षात आलं.

पाहुण्यांमध्ये मानकरी होते देवगडचे काका. म्हणजे नवऱ्याचे काका. मुलीकडे अमेरिकेत आलेले, तिथून ग्रहणासाठी आमच्याकडे. काकांनी आयुष्यभर खग्रास ग्रहणाचा पाठलाग केला आणि आयुष्यभर ग्रहणाने त्यांना चकवलं. १६ फेब्रुवारी १९८० ला कर्नाटकात अंकोल्याला जाऊन बघायचं ठरलं होतं, तर त्यांच्या आईने बाहेरून कडी घातली. अख्खी मुंबई त्या दुपारी खिडक्या लावून घरात बसली होती आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. काकांनी सूर्याऐवजी दूरदर्शनवरचा पिक्चर बघितला. १९९५ च्या ऑक्टोबरात फतेहपूर सिक्रीचा बेत होता, पण ग्रहण ऐन दिवाळीत, आणि काकू म्हणाल्या, "निघा खुशाल, फराळाचा डबाही तिकडेच मागवा." १९९९ च्या ऑगस्टमध्ये भूजला पोचले, वर ढग. २००९ च्या जुलैमध्ये सुरतला पोचले, वर ढग आणि खाली पाऊस.

त्यामुळे आठवडाभर आधी हवामानाच्या अंदाजात डॅलसवर ढगांचं चित्र उमटलं तेव्हा कुणी काही बोललं नाही, फक्त सगळ्यांनी एकदा काकांकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघताय?" काका म्हणाले. "१८६८ साली आमच्या विजयदुर्गाच्या किल्ल्यावर भर पावसाळ्यात साहेबाला ग्रहण दिसलं. हेलियम तिथे सापडलाय, हेलियम!"

"काका, हेलियम शोधणारा लॉकियर तेव्हा इंग्लंडातच होता," नवरा म्हणाला. "ग्रहणाचा वर्णपट तपासला तो जान्सेनने, तिकडे गुंटूरला."

"मग किल्ल्यावरचे सायबाचे ओटे काय आम्ही धुणी वाळत घालायला बांधले?"

यावर जान्सेनलाही उत्तर देता आलं नसतं.

दुसरी आघाडी सासूबाईंची. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात. त्या हिशोबाने रविवारी मध्यरात्र उलटल्यावर पोटात काही जायला नको. आईंनी खात्री करून घ्यायला पुण्याला भावाला फोन लावला.

"पंचांगात स्वच्छ लिहिलंय, ग्रहण भारतात दिसणार नाही, काही पाळू नये," मामा म्हणाले.

"अरे, पण मी भारतात नाही ना!"

"मग तिकडचं पंचांग बघ."

तिकडचं पंचांग म्हणजे नवऱ्याचं एक्सेल शीट. आईंनी ते बघायला नकार दिला आणि वेध पाळायचे, असं जाहीर केलं. बाल, वृद्ध आणि आजारी यांना शास्त्राप्रमाणे सवलत. सोमवारी सकाळी आठ वाजता फोडणीचा वास सुटला तेव्हा पाहुण्यांपैकी निम्मे आजारी निघाले आणि उरलेले वृद्ध. पस्तिशीतला एक मावसभाऊ "मला आतून फार थकल्यासारखं वाटतं हल्ली" म्हणत पोह्यांची दुसरी बशी घेऊन गेला.

खरी पंचाईत श्रीखंडाची होती. ग्रहण फाल्गुनी अमावास्येला, दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. दह्याची पुरचुंडी स्वयंपाकघराच्या नळाला रात्रीपासून लटकत होती. दुधातुपात, लोणच्यात, चक्क्यात, जिथे म्हणून काही आहे तिथे तुळशीपत्र घातलं पाहिजे, असा आईंचा हुकूम. आमची तुळस टेक्सासचा हिवाळा घरात खिडकीशी बसून कशीबशी काढते. एप्रिलमध्ये तिच्या अंगावर मोजकी पानं असतात. अमेरिकन फ्रिजमध्ये डबे किती असतात, ते सांगायला नकोच. शेवटी एक पान चक्क्यावर, एक दुधाच्या कॅनवर आणि एक थेट फ्रिजच्या डोक्यावर ठेवून आईंनी उरलेल्या मालाला घाऊक संरक्षण दिलं.

"आणि दान?" त्यांनी विचारलं. "ग्रहण सुटल्यावर दान द्यायचं असतं. इथे मागायला कोण येतं?"

"इथे सगळे ऑनलाइन मागतात," लेक म्हणाली. आईंनी पाच डॉलरची नोट पदराला बांधून ठेवली.

त्या सकाळी आभाळ भरलेलं होतं. घरात जितके फोन तितके अंदाज. एकाचं अॅप म्हणे, दुपारी मोकळं होणार. दुसऱ्याचं म्हणे, अजिबात नाही. तिसऱ्याचं अॅप प्रत्येक वेळी उघडलं की मत बदलायचं. ते थोरल्या नणंदेच्या फोनमध्ये होतं, त्यामुळे कुणाला आश्चर्य वाटलं नाही. एका गटाने आत्ताच्या आत्ता गाड्या काढून आर्कान्सासकडे सुटायचा ठराव मांडला. पण कोणत्या गाडीत कोण, यावर बारा वाजले, आणि बारा तेवीसला ग्रहण लागलंसुद्धा. विरळ झालेल्या ढगांच्या फटीतून सूर्याचा उजवीकडचा खालचा कोपरा किंचित खाल्लेला दिसला. "हा सूर्य, हा जयद्रथ!" काका गरजले. लगेच एक जाड ढग आला आणि जयद्रथ वाचला. सगळ्यांनी पुन्हा काकांकडे बघितलं.

काकांनी पिशवीतून स्वतःच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला. त्यांच्या पिढीने ग्रहणं एक्स-रेच्या फिल्ममधूनच बघितली, आणि हा त्यांनी कपड्यांच्या घड्यांत जपून देवगडहून आणला होता. नवऱ्याने तो काढून घेतला आणि डोळ्याच्या पडद्यावर दहा मिनिटांचं व्याख्यान दिलं. पडदा भाजतो, भाजताना दुखत नाही, नंतर कळतं आणि तेव्हा इलाज नसतो. सगळं खरं होतं. व्याख्यानाचा काकांवर इतका परिणाम झाला, की त्यांनी पुठ्ठ्याचा ग्रहणचष्मा चढवला तो उतरवेचनात. त्या चष्म्यातून सूर्याखेरीज जगातलं काहीही दिसत नाही. काका त्या चष्म्यातच अंगणात फिरले, गुढीसाठी आणून ठेवलेल्या काठीला अडखळले आणि शेजाऱ्यांच्या कुत्र्याला "काय म्हणता?" म्हणाले.

दुपारी दीडच्या सुमारास ढगांचं नुसतं पातळ मलमल उरलं. मी स्वयंपाकघरातून बुंदीचा झारा आणला. ड्राइव्हवेच्या पांढुरक्या काँक्रीटवर झाऱ्याची सावली धरली, तर प्रत्येक भोकातून उजेडाचा गोल ठिपका पडायच्या ऐवजी बारीक चंद्रकोर पडली. ओळीने, कडेपर्यंत, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. भोक गोल, पण पडते ती सूर्याची प्रतिमा, आणि सूर्यच कोरीएवढा उरलेला. मी झारा जवळ नेला की कोरी लहान आणि ठसठशीत, लांब नेला की मोठ्या आणि फिकट. लेकीने आपला हात त्याखाली धरला आणि तळहातभर चंद्रकोरी घेऊन ती सगळ्यांना दाखवत सुटली. नवऱ्याने महागाची दुर्बीण, तिचं फिल्टर आणि तिवई मांडली होती. तिच्याजवळ फक्त नवरा होता. शेजारचे अमेरिकन आजोबा कुंपणावरून वाकून म्हणाले, "हे उपकरण फार छान आहे. कुठे मिळतं?"

"पुण्याला, तुळशीबागेत," मी म्हटलं. त्यांनी ते फोनमध्ये लिहून घेतलं.

नवऱ्याच्या शीटमध्ये प्रत्येक मिनिटाला काम आणि कामाला माणूस नेमलेला होता. '१:३५ – मुलांना मोजणे (आत्या). १:४० – दुर्बिणीचं फिल्टर काढणे (मी). १:४१ ते १:४४ – आनंद घेणे (सर्व).' एक पस्तीसला ऊन विचित्र व्हायला लागलं. सावल्यांच्या कडा धारदार झाल्या, अंगाला गारवा जाणवला. काळ्या चकचकीत ग्रॅकल पक्ष्यांचा थवा, जो एरवी दिवेलागणीला दुकानांच्या पार्किंगमध्ये कलकलाट करतो, तो आमच्या ओकच्या झाडावर येऊन झोपायच्या जागेवरून भांडू लागला. एक डिलिव्हरीची व्हॅन रस्त्याच्या मधोमध थांबली, तिच्यातला पोरगा खाली उतरला आणि वर बघू लागला. आत्यांनी मुलं मोजली. एक जास्त भरलं. तेवढ्यात सूर्याच्या कडेला एकच लखलखीत ठिणगी उरली, आणि तीही गेली.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. वर आभाळात एक काळं भोक होतं आणि भोवती पांढरं, रेशमी काहीतरी पसरलेलं. खालच्या कडेला गुलाबी ठिपका होता. ती सूर्यावरची ज्वाला, आणि ती ठिपक्याएवढी दिसत असली तरी आपली पृथ्वी तिच्यात सहज मावेल, असं नवरा ओरडून सांगत होता. बाजूला शुक्र दिवसाढवळ्या हजर. चारही दिशांना क्षितिजावर एकाच वेळी संध्याकाळ झालेली. सगळी गल्ली किंचाळत होती. आणि बरोबर त्याच वेळी, अंधार पडला अशा प्रामाणिक समजुतीने, आमच्या दारासमोरचा रस्त्यावरचा दिवा भगभगीत पेटला.

"बाबा, हा शीटमध्ये नव्हता," लेक म्हणाली.

"काही दिसत नाही!" हा काकांचा आवाज. "पुन्हा ढग आले ना रे?"

काका चष्मा लावूनच उभे होते. टोटॅलिटीत चष्म्यातून ठार काळोख दिसतो. ती साडेतीन मिनिटंच काय ती नुसत्या डोळ्यांनी बघायची असतात.

"काका, चष्मा काढा!"

"शहाणाच आहेस! मघाशी तूच म्हणालास ना, काढू नका म्हणून? पडदा भाजतो!"

"आता नाही भाजत! आता काढायचा!"

"आधी ठरवा काय ते!"

काकांनी दोन्ही हातांनी चष्मा गच्च धरला. अंकोला, सिक्री, भूज, सुरत आणि आता प्लेनो. शेवटी लेकीने मागून उडी मारून तो ओढला. काका रागाने तिच्याकडे वळले आणि वळता वळता त्यांची नजर वर गेली. तोंड उघडंच राहिलं. मग पन्नासेक सेकंद काकांनी विजयदुर्गाचं नाव काढलं नाही. त्यांच्या चरित्रात ही नोंद ग्रहणापेक्षा दुर्मीळ आहे.

आरडाओरडा ऐकून कुणीतरी पडलं असं वाटून आई जपाची माळ हातात घेऊन बाहेर आल्या होत्या. त्यांनी वर बघितलं, हात जोडले आणि सूर्याची पहिली ठिणगी परत चमकली तशा तरातरा चालत रस्त्यावर गेल्या. पदराची गाठ सोडली आणि पाच डॉलर डिलिव्हरीच्या पोराच्या हातात ठेवले. त्याला वाटलं टिप. "हॅपी एक्लिप्स, मॅम!" म्हणून त्याने त्यांना मिठी मारली. पार्सल मात्र शेजारच्या घरी टाकून गेला.

दिवा विझला, ग्रॅकल पुन्हा उडाले, कुणाकुणाच्या डोळ्यांत पाणी होतं. ज्याच्या त्याच्या तोंडी आयुष्य, विश्व, क्षुद्रपणा असे शब्द येऊ लागले. विश्वापुढे आपण कोण, असं मावसभाऊ नुकताच म्हणाला होता, तोच आई म्हणाल्या, "पूर्ण सुटलं की एकेकाने आंघोळीला लागा. ग्रहण बघितलेल्या अंगाने घरात कुणी बसायचं नाही."

तीन वाजून दोन मिनिटांनी ग्रहण सुटलं आणि न्हाणीघरासमोर रांग लागली. आमच्या बॉयलरची टाकी चौघांपुरती. विश्वापुढे आपण कोण असं म्हणणारा माणूस "आधी मी" म्हणून रांगेत घुसला. सहाव्याला गार पाणी आलं तेव्हा आतून जी किंकाळी ऐकू आली, तिच्यापुढे दीड तासापूर्वीची गल्ली काहीच नव्हती. नवरा ओल्या केसांनी फोटो बघायला बसला. दुर्बिणीने रस्त्यावरच्या दिव्याचे फार सुंदर फोटो घेतले होते.

संध्याकाळी भाऊजींचा फोन आला. "आम्हीही बघितलं. काय एवढं? जरा मळभ आल्यासारखं झालं. उगाच बाऊ करता तुम्ही लोक."

नवऱ्याने सांगायचा प्रयत्न केला. गुलाबी ज्वाला, शुक्र, प्रभामंडळ. मागून काका, आत्या, मुलं एकदम बोलत होती, आणि प्रत्येकाचं ग्रहण वेगळं निघत होतं. भाऊजी बराच वेळ गप्प होते.

"डॅलसला परत कधी आहे?" त्यांनी मग सावकाश विचारलं.

"२३१७ साली."

"म्हणजे नाही जमणार." पुन्हा शांतता. "जवळपास कुठे?"

"२ ऑगस्ट २०२७. ईजिप्त, लक्सर. सहा मिनिटांच्या वर."

"सहा मिनिटं?" भाऊजींचा आवाज बदलला. "आणि तुमचं किती होतं? साडेतीन? बघू, आम्ही सहाचंच बघू. शंभर टक्के आहे ना पण? लेखी?"

रात्री श्रीखंड घोटता घोटता मी लक्सरची हॉटेलं मध्यरेषेपासून किती लांब आहेत, ते फोनवर तपासत होते. नुसती टोटॅलिटी असून भागत नाही. भाऊजींपेक्षा चार सेकंद जास्त हवीत. आई वेलदोडे सोलत होत्या. पंचांगाशिवायच त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं, "दोन ऑगस्टला आषाढी अवस येते. दिव्यांची अवस. दिवे कुठे लावणार, पिरॅमिडसमोर?"

"आई, लक्सरला पिरॅमिड नाहीत," नवरा म्हणाला. "देवळं आहेत. कर्णाकचं देऊळ तर केवढं मोठं आहे."

"देऊळ आहे? मग सोय झाली. कुठल्या देवाचं?"

"अमुन-रा. म्हणजे त्यांचा सूर्यच म्हण ना."

आईंनी वेलदोडा खाली ठेवला. "अरे, सूर्याचं देऊळ ग्रहणात उघडं ठेवतील का? तिकिटं काढायच्या आधी फोन करून विचार."